फाडून दाखवणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतकं कापड सगळ्या दिल्लीत कुणी फाडलं नसेल, आणि तेही केवळ लोकांचं इंग्रजी सुधारावं म्हणून! केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात अनुवाद करता करता त्यांना फाटण्याच्या इंग्रजी शब्दांचं वेड लागलं होतं. शब्द नुसता सांगून त्यांचं समाधान होत नसे, ते करून दाखवत. लग्नानंतर त्यांच्या क्वार्टरवर पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा माझ्या नव्या शर्टाचा खिसा जरासा उसवलेला पाहून मी सहज म्हणालो, "टेअर झालाय वाटतं." मामांनी खिशात दोन बोटं घातली आणि टर्रकन अख्खा खिसा काढून माझ्या हातावर ठेवला. "जावईबापू, ही झाली 'रिप'. एका झटक्यात! 'टेअर' वेगळा. तो आपल्या संस्कृत 'विदीर्ण'चा सख्खा चुलतभाऊ." मामी मात्र शांतपणे सुईदोरा घेऊन आल्या. 'फ्रे' म्हणजे घासून घासून विरणं, हे पटवायला मामांनी शेजाऱ्यांच्या सोफ्याचा हात दुपारभर चोळला होता आणि मामी नंतर तिथेही रफू करायला गेल्या होत्या.

पुढे मामी वारल्या आणि मामांचं फाडणं एकदम थांबलं. घरातले पडदे शाबूत दिसायला लागले, तेव्हा आम्हाला खरी काळजी वाटू लागली.

त्या संक्रांतीला आम्हा मराठी मंडळींची बस पानिपतला काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला गेली. मामाही आले. स्मारकाला नमस्कार करून गावात जेवायला थांबलो, तर मामा गायब! शोधत शोधत मी जुन्या लोकरी कपड्यांच्या एका गोदामात शिरलो आणि हबकलोच. परदेशी कोटांच्या डोंगराशेजारी, त्या कडाक्याच्या थंडीत, मामा नुसत्या सदऱ्यावर उभे होते. हातात मामींनी विणलेला स्वेटर होता.

"मामा, अहो, हा मामींचा..."

"कसर लागलीय याला. ट्रंकेत ठेवला तर नुसता भुगा उरेल. इथे उकलून पुन्हा सूत काततात, ब्लँकेटं करतात. त्याला 'शॉडी' म्हणतात. लोकांनी पुढे त्याचा अर्थ भिकार असा करून टाकला. मूळचा तसा नव्हता हो."

"लाओ बाऊजी," यंत्रावरच्या कामगारानं हात पुढे केला. मामांनी स्वेटर दिला, परत घेतला, त्याची बटणं लावली आणि पुन्हा दिला. कामगारानं ती बटणं कापून काढली. स्वेटर कपडे फाडायच्या त्या यंत्रात गेला, तसे मामांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.

"झालं?" थोड्या वेळानं त्यांनी ओरडून विचारलं.

मी "झालं" म्हणालो, पण त्यांना ते ऐकू कसं जाणार! मी माझी शाल त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि तसंच, कान झाकलेल्या मामांना हळूहळू बसपर्यंत नेलं.