तीन ओळींची चौकट

उस्मानपुऱ्यातल्या नानासाहेबांच्या दुकानात लग्नपत्रिका करायची तर ती पद्मजाताईंनीच, असा कितीतरी वर्षांचा शिरस्ता होता. उगीच नाही हो! आपल्याकडच्या पत्रिकेत नावं काय कमी असतात? आजोबा, काका, मामा, आत्याचे यजमान, गावचे सरपंच, वर चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं की भर मांडवात रुसवा. कागद तेवढाच आणि नावांना अंत नाही. पद्मजाताई अक्षर किंचित बारीक करायच्या, शब्दांमधली जागा आवळायच्या, पण प्रत्येकाला बसवायच्याच. "माझ्या हातून आजवर कुणी पत्रिकेबाहेर राहिलं नाही," हे त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या.

आणि मग सई आली. चिकलठाण्याहून स्कूटीवर यायची आणि मोबाइलवर उघडणाऱ्या पत्रिका करायची. साल दुष्काळाचं. गावोगाव टँकर, शहरातही नळाची वाट बघत बसायचं. लोकांनी लग्नं आटोपती घेतली आणि पहिली गदा आली ती छापील पत्रिकेवर. त्यात शहर चहूकडं पसरलेलं, सोयरे पार वाळूजपलीकडं राहायला गेलेले. दारोदार पत्रिका वाटत हिंडणार कोण? गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायचं, "सईमॅडम आहेत का?" मॅडम! कालची पोरगी, आणि मॅडम! पद्मजाताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सईनं आणलेला चहासुद्धा त्यांना कडू लागायचा. चहा चांगला असायचा, हेही एक दुखणंच.

तरी त्या एका गोष्टीवर तग धरून होत्या. नानासाहेबांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मालकाच्या घरची पत्रिका ज्याच्या हातची, दुकानात मान त्याचा, असा त्यांचा हिशेब. थोरलीची त्यांनीच केली होती.

नानासाहेब आले आणि म्हणाले, "ताई, आवंदा छापायचं नाय. सई करंल मोबाइलवर. तुम्ही या टायमाला काम करू नका, निवांत ऱ्हा."

निवांत! म्हणजे घरी बसा, असंच ना? पद्मजाताईंनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

पान तयार झाल्यावर सई आधी त्यांच्याकडेच आली. "ताई, लिंक पाठवलीय. एकदा बघता? नावांच्या बाबतीत मला तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही."

पद्मजाताईंनी आपल्या जुन्या, चिंचोळ्या फोनवर पान उघडलं. दिसायला देखणं होतं, मेलं! निमंत्रकांना सईनं तीन ओळींची ठरलेली चौकट दिली होती. तिच्या रुंद फोनवर सगळी नावं त्यात मावली असणार. इथं मात्र तिसरी ओळ अर्ध्यात तुटली होती आणि पुढं नुसती तीन टिंबं. उरलेलं गडप.

शेवटी कोण असणार, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नानासाहेबांचे वाळूजचे साडू, साहेबराव. थोरलीच्या पत्रिकेत तेच शेवटी होते, आणि या गृहस्थांना रुसायला नुसतं निमित्त लागतं. आता बघा म्हणावं मॅडमची कशी जिरते! पद्मजाताईंना आतून गुदगुल्याच झाल्या.

"उत्तम झालंय," त्या म्हणाल्या. "पाठव सगळ्यांना."

त्यानंतर त्या रोज साहेबरावांची वाट बघू लागल्या. एक दिवस ते आलेही, पण हसतमुखानं, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

"लई झ्याक पत्रिका! माझं नाव दुसऱ्या ओळीत घेतलंय नानानं," ते म्हणाले. मग पुडा पद्मजाताईंपुढं धरला. "अन् ताई, तुमचं बी वाचलं. एकदम शेवटी, घरच्या माणसात. नानानं आम्हाला आधीच सांगितलं व्हतं, आवंदा ताई पत्रिका करणार नाय, ताई आमंत्रण देणार."

पद्मजाताईंनी आपला फोन पुढ्यात ओढला. नानासाहेब गल्ल्यावरून म्हणाले, "मी म्हणत व्हतो, ताई यावर काईच कशा बोलल्या नाय? आवडलं नाय का काय?"

"ताई, बघू तुमचा फोन," म्हणत सईनं तो उचललाच. पान उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई! ताई, तुमचंच नाव गेलं की हो आत! छोट्या फोनवर कुणालाच दिसलं नसणार. मी सगळं मोठ्या फोनवरच तपासत बसले." तिचे डोळे भरून आले. "मी आत्ता नीट करते, सगळ्यांना परत पाठवते."

"नको," पद्मजाताई कशाबशा म्हणाल्या. "राहू दे."

"राहू कसं देऊ? माझीच चूक आहे. ती टिंबं तुम्हाला दिसली असती, तर तुम्ही मला तिथल्या तिथं सांगितलं असतं."