केजहून लाटा मोजणारे काका

समुद्राकाठी राहून समुद्र ओळखणारे पुष्कळ असतील. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब केजमध्ये, टीव्हीसमोरच्या लोखंडी खुर्चीत बसून, आज कोकणात लाट किती उंच उठणार हे सांगणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्या थोरल्या मावशीचा नवरा आहे.

आम्ही त्यांना काका म्हणतो. सगळी नोकरी एसटी स्टँडावर गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली, त्यामुळे कशाचंही अंतर मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाहुण्याच्या दोन शिंकांमधले सेकंदसुद्धा ते मोजतात. निवृत्तीनंतर टीव्हीवर इंटरनेट लावून पावसाचे ढग शोधता शोधता त्यांना कोकणातल्या एका किनाऱ्यावरचा कॅमेरा सापडला. फळीवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायला शिकवणाऱ्या एका बाईंनी तो लावला होता. काकांनी टीव्हीच्या काचेवर मावशीच्या टिकल्या चिकटवल्या. एक खडकाच्या टोकावर, एक खांबावर. पाणी कुठल्या टिकलीला लागलं ते पाहायचं, दोन लाटांमधले सेकंद मोजायचे, वहीत उतरवायचं. मावशीच्या मालिकेतल्या सासूच्या नाकावर त्यामुळे कायम टिकली असे.

चित्राच्या कोपऱ्यात बाईंचा नंबर होता. काका रोज सकाळी फोन करून अंदाज कळवू लागले.

"काका, तुम्ही कुठल्या किनाऱ्यावरून बोलता?"

"मांजरा नदीच्या," काका शांतपणे म्हणाले.

अंदाज चुकायचेही. एकदा त्यांनी दिवसभर पाणी चढतंय म्हणून कळवलं. कॅमेराच वाऱ्यानं खाली वाकला होता. बाई खूप हसल्या, पण दुसऱ्या दिवशी फोन उचलला.

मग उन्हाळ्यातली ती सकाळ. मी काकांकडेच चहा पीत होतो. टीव्हीतला समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत. काका मात्र खुर्चीच्या टोकावर आले. "रोज आठ सेकंदांनी येतीय, आज पंधरा. वारं तर न्हाई. मग असं कावून?" त्यांनी पुन्हा मोजलं आणि फोन लावला. "बाई, आज कुणाला पाण्यात उतरवू नका. लाटा उशिरा उशिरा यायल्यात. लई लांबच्या वादळाच्या हाईत त्या. मागून मोठ्या येतील."

"काका, इथं समुद्राचं तळं झालंय! बारा जण तयार होऊन उभे आहेत."

"माझं चुकलं तर मला हसा. पण उतरवू नका."

बाईंनी कुरकुरत सगळ्यांना वाळूवरच ठेवलं. दुपारी लाटा आल्या. पहिली टिकली गेली, दुसरी गेली, मग वाळूवरच्या फळ्या उचलून पाणी पार काठावरच्या झावळ्यांच्या छपरापर्यंत पोचलं. माणसं आधीच पळाली होती. बाराही जण सुखरूप आहेत, हे सांगायला बाईंचा फोन आला. काका नुसते "व्हय, व्हय" करत राहिले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

बाईंनी बोलावलं, तरी काका दोन वर्षं टाळत होते. शेवटी गेल्या महिन्यात मीच त्यांना नेलं. सुरूच्या झाडांतून आम्ही वाळूवर आलो. मला वाटलं, आता सेकंद मोजतील. पण ते चप्पल हातात घेऊन थबकले.

"एवढा आवाज असतो व्हय रे याला?" ते हळूच म्हणाले. "टीव्हीत आवाजच न्हवता."

मग त्यांनी डोळे मिटून घेतले.