लाल फडक्यातलं पुस्तक

आमच्या गोतावळ्यात खरं हुशार माणूस एकच झालं, दमयंतीमावशी. फुशारकी म्हणा हवं तर, मी मारणारच. १९३१ साली वेळणेश्वरात चौथी शिकलेली सून म्हणजे काय, हे तिच्या सासूला, यमुनाबाईंना, पुरतं ठाऊक होतं. वाडीभर त्यांच्या रागाचा दरारा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेला बजावलं, "पोथी वाचायची तर वाच. बाकीची बुकं चुलीत जातील." आणि दोन गेलीसुद्धा.

मावशीचे यजमान हरिश्चंद्र मुंबईला नोकरीत. शिमग्याला येताना त्यांनी गुपचूप एक पुस्तक आणलं. मन ओळखून कायमचं सुख कसं मिळवावं, असलं काहीतरी मानसशास्त्राचं. मावशीने ते तांदळाच्या कणगीत लपवलं. श्रावण लागताच लाल फडक्यात गुंडाळून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि हेल काढून सुरू केलं, "ऐका मनोराजा, तुमची कहाणी!"

दुपारी वाडीतल्या बायका हात जोडून ऐकायच्या. सगळ्यांत पुढे कोण? यमुनाबाई!

पुस्तकात होतं, राग आला की आधी अकरा श्वास मोजावे. आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं रागाकडे नुसतं बघावं. हातात जे काम, तेच मनात असावं. मावशीने चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, "हे एकवीस दिवसांचं व्रत आहे." यमुनाबाईंनी ते धरलं. नारळ खोवताना नुसता नारळ. शेजारची काशी फणसाच्या फांदीवरून भांडायला आली की डोळे मिटून अकरा श्वास! काशी बिचारी वाट बघून परत जायची. "भांडणात काय राम उरला नाय रे," असं तिनेच मला पुढे रडवेलं होऊन सांगितलं. ही सगळी हकिगत तिचीच. निम्मी वजा करून सांगतोय.

एकविसाव्या दिवशी उद्यापन. भटजी आले. पोथीची पूजा करायची म्हणून त्यांनी फडकं सोडलं, पहिलं पान बघितलं आणि ओरडले, "यमुनाबाई, ही कसली पोथी! हे तर मुंबईचं बुक!"

बायकांनी आधी चुलीकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीची मान ताठ.

"मीच फसवलं, आत्याबाई. वाचन सुटू नये म्हणून."

यमुनाबाईंची कानशिलं लाल झाली. तोंड उघडलं. मग मिटलं. पाठोपाठ डोळेही मिटले. काशी मोठ्याने मोजायला लागली, "एक... दोन..." तिला वाटलं, आज काय ही सातापुढे जात नाही!

अकरा झाले. यमुनाबाईंनी पुस्तक उचललं आणि पुन्हा नीट फडक्यात बांधलं.

"भटजी, एकवीस दिवस माझ्या तोंडातून शिवी गेली नाय. चाळीस वर्षं पोथ्या ऐकल्या, तेव्हा हे जमलं नव्हतं." मग सुनेकडे वळून, "अजून किती राहिलंय गो?"

"अर्धं, आत्याबाई."

"मग उद्या बस वाचायला. आणि मी जाळली ना दोन, त्यांत काय होतं, तेही आठवेल तेवढं सांग."