गुंडूमामांचा दुसरा कॅन

गुंडूमामा कोणाचीही पाठपिशवी आधी कानाशी धरून हलवत. आत पाणी किती आहे ते त्यांना आवाजावरून कळे. बसस्टँडवर चारचौघांत आपली पिशवी एक म्हातारा माणूस कानाला लावून उभा आहे, हे बघून नवख्यांची पंचाईत व्हायची. "ही कमी बोलत्ये," म्हणून ते पिशवी परत करत. "जा, अजून दोन बाटल्या भरून आण. सेरी? कळलं?"

आमचं तंजावूर कावेरीच्या पाण्यावर पोसलेलं. दोन पावलं टाकली की कालवा लागतो. "आपल्या लोकांला तहान म्हणजे काय, ठाऊकच नाहीं," हे मामांचं ठरलेलं वाक्य. सरकारी नोकरीत आयुष्यभर त्यांनी कालवेच मोजले. निवृत्त झाल्यावर मात्र दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणांना घेऊन ते तिरुच्चीपलीकडच्या कोरड्या डोंगरांच्या पायथ्याकडे निघत. वाळवंटच ते. लाल दगड, बाभळी आणि आटलेले ओढे. दोन दिवस पायी, मध्ये एक मुक्काम, आणि गोल फिरून परत त्याच बसथांब्यावर. वाटेत पाण्याचा थेंब नाही. म्हणून मामा आठवडाभर आधी एकटे जाऊन पाच-पाच लिटरचे दोन कॅन दगडांखाली लपवून येत. एक मुक्कामाजवळ, दुसरा परतीच्या उतारावर.

नकाशा नाही, फोन नाही. विचारलं तर कपाळावर बोट टेकवत, "अस्कं येथें आहे." सगळी वाट डोक्यात. त्या बोटामागची भीती मला ठाऊक होती. त्यांचे वडील शेवटी शेवटी आपल्याच गल्लीत वाट चुकत आणि मामा त्यांना हाताला धरून घरी आणत. "माझं तसं झालं तर मी घरांतच बसेन, वासू. कोणाला हात धरायला लावणार नाहीं," असं मला एकदा म्हणाले होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा सुजला आणि कॅन ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मामांनी जागा समजावून सांगितल्या. पहिला कॅन ठेवला. दुसऱ्यासाठी दीड तास चढायचं होतं आणि ऊन मी म्हणत होतं. पाच माणसांना एक कॅन पुरे की, असं मी सावलीत बसून ठरवून टाकलं. पाणी बाभळीच्या मुळाशी ओतलं, रिकामा कॅन मोटारसायकलला बांधला आणि घरी आलो. "दोन्ही ठेवले, मामा," म्हणून सांगितलं. किती सहज सांगितलं.

आठवड्यानं आम्ही निघालो. गुडघ्याला पट्टा बांधून मामा पुढे. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते उतारावरच्या चपट्या खडकापाशी थांबले आणि दगड बाजूला करू लागले. खाली कॅन नव्हता. कोणीतरी म्हणालं, धनगरांनी नेला असेल. मामांनी मान हलवली. "दगड हललेच नाहींत. खालची माती बघ, तशीच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वासू, हीच ना रे जागा?"

त्या वेळी खरं बोललो असतो तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच. पण बाकीचे तिघे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही वाटत, मामा. ही जागा वेगळी दिसते."

तासभर ते त्या उन्हात एकेक खडक तपासत फिरले आणि मी नीच माणूस त्यांच्याबरोबर दगड उचलत फिरलो. आपली बाटली त्यांनी आम्हा चौघांत फिरवली. दुपारी खाली पोचलो, कोणाला काही झालं नाही. बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वडिलांचं असंच सुरू झालं होतं."

पुढल्या वर्षी त्यांनी पिशवी काढली नाही. बाजारात जायचं तरी मामींना बरोबर घेत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो, आज सांगतो असं ठरवून जायचो आणि कॉफी पिऊन परत यायचो. गेल्या महिन्यात मामा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मामींनी त्यांची पाठपिशवी माझ्यापुढे ठेवली. "तुलाच द्यायला सांगितलं होतं ह्यांनी," म्हणाल्या. मग सांगू लागल्या, "मदुरैला मोठ्या डॉक्टराकडे जाऊन आलों होतों आम्ही, गुपचूप. डॉक्टर म्हणाला, डोकं अगदी साफ आहे. ह्यांला पटलंच नाहीं. म्हणाले, डॉक्टर परका, वासू आपला. वासू म्हटला ती जागा नव्हे, म्हणजे नव्हे."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. "जागा तीच होती, मामी," मी म्हणालो. "मी तिथे कॅन ठेवलाच नव्हता."

मामींनी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "मला सांगून काय प्रयोजन, रे? त्यांला सांगायचं होतंस."