अब्ला सनियांचा अर्धा पेपर

इजिप्तमधल्या दमनहूर शहरात शिक्षिकेला अब्ला म्हणतात. तिथल्या त्या गल्लीत लोक म्हणत, अब्ला सनियांचा पेपर सोडवायला बसवलं तर खुद्द अब्ला सनियाही नापास होतील. समोरची उम्म हानी त्याच्याही पुढे जाई. "स्वतःचं मूल नाही ना बाईला," दारात मुलूखियाच्या भाजीची पानं निवडत, पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणे, "म्हणून लोकांच्या पोरींना रडवते." सनिया ऐकत, पण खिडकी कधी लावून घेत नसत.

नर्सिंगच्या शाळेत औषधोपचार हा विषय दोघांकडे होता आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे पेपरही दोघांत वाटलेला. वरचा अर्धा उस्ताद बयूमींचा, खालचा सनियांचा. बयूमींचे प्रश्न धड्यामागून उचललेले असत: अमक्या औषधाचे उपयोग लिहा, तमक्याची मात्रा सांगा. पाठ केलेल्या मुलीला पुरते गुण.

सनियांचं अर्धं आयुष्य वॉर्डात नर्स म्हणून गेलं होतं. शिकवायला लागल्यावर आरंभी त्यांनीही तसेच प्रश्न काढले. मग पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली एक मुलगी, धाप लागलेल्या बाईच्या खाटेशी औषधांचा ट्रे धरून नुसती उभी राहिलेली त्यांनी पाहिली. तेव्हापासून त्यांच्या पेपरात रोगी आले. रोगी असा दिसतो आहे, कागदावर असं लिहिलं आहे, डॉक्टर जवळ नाहीत. आधी काय कराल? याचं उत्तर कुठल्याही पानावर नसे. परीक्षा सुटली की फाटकाबाहेर ताटकळलेल्या आया एकच गलका करत, "पुस्तकाबाहेरचं विचारलं!"

बयूमी काही वाईट मनुष्य नव्हते.

"अब्ला, माझी बहीण एका विषयात अडकली," शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळत ते एकदा म्हणाले होते. "बापाने लगेच लग्न लावून दिलं. हातात पास झाल्याचा कागद असता तर बापापुढे उभी तरी राहिली असती. मी पेपर काढतो तो पोरीच्या हातात तो कागद पडावा म्हणून."

"आणि मी काढते, तो तिच्यापुढे आडवा पडलेला असतो ना, त्याच्यासाठी."

"म्हणजे मला दुवा आणि तुम्हाला शिव्या. वाटणी झकास आहे!"

दोघेही हसले होते.

सनियांचा भाऊ अकाली गेला आणि त्याची मुलगी रिहाब त्यांच्याच घरी वाढली. ती शेवटच्या वर्षाला आली, तेव्हा सनियांनी नियमाप्रमाणे लिहून दिलं: घरचं माणूस परीक्षेला बसतं आहे, मी पेपर काढू शकत नाही. संपूर्ण पेपर बयूमींकडे गेला. ही बातमी वर्गात पोहोचली, तेव्हा मुलींनी बाकं बडवली. रिहाबनेही.

रिहाबचं पाठांतर चोख होतं. पण ती रोग्याच्या तोंडाकडे पाहत नसे. त्याच्या उशाशी टांगलेल्या कागदाकडे पाहत असे. सनियांना हे ठाऊक होतं, आणि त्यांचा जीव तिथेच अडकला होता. जेवताना त्या एखादा रोगी पुढे करत, की ती पावाने ताटलीतली घेवड्याची उसळ पुसून घेत म्हणे, "आत्या, हे यंदा यायचं नाही. सुखाने जेवू दे."

शेवटी त्या बयूमींकडे गेल्या. "उस्ताद, एकच प्रश्न रोग्याचा घाला. तुमच्या मनाने, कुठलाही."

"तुमच्या सांगण्यावरून घातला, आणि तुमची भाची समोर बसलेली. लोक काय म्हणतील, अब्ला?"

सनिया तशाच परत फिरल्या.

त्या वर्षी सगळ्या मुली उत्तीर्ण झाल्या. काठावरच्यांना दयेचे गुण मिळाले. गल्लीत सरबत वाटलं गेलं, बायकांनी आनंदाचे चीत्कार काढले. उम्म हानीने सनियांना मिठीच मारली. "बघ बाई, तू बाजूला झालीस आणि पोरी तरल्या!"

रिहाब इस्पितळात लागली. तिच्या वॉर्डात अम्म दसूकी नावाचे एक वृद्ध सुतार होते, मधुमेहाचे. तपासणीसाठी त्यांना उपाशी ठेवलं होतं. सकाळचा न्याहारीचा ट्रे आलाच नव्हता. कागदावर इन्सुलिन लिहिलेलं होतं. रिहाबने ते दिलं, वेळेवर आणि नेमक्या मात्रेत. थोड्या वेळाने, रिकाम्या पोटी साखर एकदम उतरून, म्हाताऱ्याला दरदरून घाम सुटला, ते असंबद्ध बोलू लागले. तिला वाटलं, उकडतं आहे. तिने खिडकी उघडली आणि पुढच्या खाटेकडे गेली. अम्म दसूकी पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

चौकशीत रिहाबवर ठपका आला नाही. तिने मात्र इस्पितळात जाणं सोडलं. बयूमी घरी येऊन गेले. "मात्रा तिने बरोबर दिली होती," उठताना ते पुटपुटले.

पुढे एका दुपारी उम्म हानी मसुराचं सूप घेऊन आली. रिहाब भिंतीला टेकून बसली होती. तिने सुपाला हात लावला नाही.

"आत्या, पेपर तुझा असता तर मी पास झाले असते?"

"झाली असतीस गं, का नाही!" उम्म हानी घाईने म्हणाली, आणि तिने सनियांना डोळ्यांनी खुणावलं. "सांग की तिला, सनिया."

सनियांनी भाचीचा हात हातात घेतला.

"नाही. नापास झाली असतीस, आणि मीच केलं असतं."