कुणी न विचारलेला पराभव

वडवणीहून बीडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते रोज खिडकीपाशी बसलेले असत. पन्नाशीचे, अंगानं थोराड. मोबाईल नाकापाशी धरून काहीतरी पाहत, आणि मधेच त्यांचा डावा हात झटकन वर जाई. त्यामुळं शेजारी बसायला लोक कचरत. मीही टाळायचो.

एकदा दुसरीकडं जागाच नव्हती. शेजारी बसून मी त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावलो. चाकांचे बूट घातलेले पुरुष काठ्या घेऊन बॉलमागं धावत होते.

"रोलर हॉकी हाय," ते म्हणाले. "परदेशात स्पर्धा चालू हाय. मी बी गेलतो एकदा, भारताकडून. पुण्यात शिकायला होतो तवा. गोलकीपर होतो."

"मग गावात मिरवणूक निघाली असंल."

"हारून आलतो. पण कुणी शिवी बी दिली न्हाई. ह्यो खेळच कुणाला म्हाईत न्हाई. आईनं जेवाय वाढलं, झालं. कावून हारलास, काय चुकलं, असं आजवर कुणी इचारलं न्हाई."

मी विचारलं, "कावून हारलात?"

त्यांनी मोबाईल बंद केला. आता मोठी हकिगत ऐकायला मिळणार असं मला वाटलं.

"शेवटच्या गोलला मी उगंच पुढं आलो," ते हळू म्हणाले. "थांबाय पायजे होतं."

एवढंच. मग बीड येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

स्टँडवर उतरताना, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उद्या तुमची जागा धरून ठेवू का?"