आईचं वैराग्य

आमच्या घराकडे हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या देवळाची पूजा आहे. नैवेद्याचा स्वयंपाक आई करायची आणि मग दोन भाकरी व्यवस्थित जेवायची. साठीनंतर तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. चार घास खाल्ले की म्हणायची, "भरलं पोट." गल्लीतल्या बायकांनी हे वैराग्य ठरवलं. एक तर पाया पडून गेली.

वैराग्यानं माणूस वाळतं. आईचं पोट वाढत होतं. बाबांनी ‘गॅस’ असं निदान केलं. दोन महिने ओवा आणि काळं मीठ चाललं.

मी हिंगोलीत नोकरीला. एका लग्नासाठी तिला जीपनं आणत होते, तर सेनगाव येईपर्यंत तिनं लघवीसाठी दोनदा जीप थांबवायला लावली. घरी आल्यावर परकराची नाडी सैल करत म्हणाली, "बांधवत न्हाई आता."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगण्यासारखी तकलीफ कुठं हाय? जड वाटतं नुसतं."

लग्न राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, पोट रोज फुगतं का? लवकर भरतं का? ओटीपोटात जड वाटतं का? लघवीला सारखं जावं लागतं का? आई प्रत्येकाला "व्हय" म्हणाली आणि माझ्याकडे संशयानं पाहू लागली. मीच आधी सांगून ठेवलंय, असं तिला वाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे एखाद्या दिवशी कुणालाही होतं. पण नव्यानं सुरू झालं आणि आठवडेच्या आठवडे राहिलं, तर गॅस समजून बसू नये."

सोनोग्राफीत अंडाशयाला गाठ दिसली.

"पाळी जाऊन बारा वर्षं झाली," आई म्हणाली. "ते अजून हाय का आत?"

नांदेडला ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची निघाली, पण फार पसरली नव्हती. मग केमो. आईचे केस गेले. नैवेद्य बाबा करू लागले. वरण खारट व्हायचं. देवानं तक्रार केली नाही, आईनं रोज केली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आई तपासणीला जाते आणि बरी आहे. आईला झालं म्हणून डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. माझ्यात काही निघालं नाही. आईच्या आजारात मी एकदाही रडले नव्हते. तो चांगला रिपोर्ट हातात घेऊन मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि खूप रडले. येणारेजाणारे कीव करून बघत होते. एका बाईनं पाण्याची बाटली दिली. रिपोर्ट चांगला आहे, हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.